पत्रकार-समीक्षकाचं चरित्र: आधी लेखसूची, मग आठवणी

नाटक, संगीत, सिनेमा, चित्रं, पुस्तकं यांवर आयुष्यभर वर्तमानपत्रांतून लिहिणाऱ्या माणसाचं चरित्र लिहायला घेतलं की सगळ्यात आधी हाती लागतात ते किस्से. अमक्या नटाला तोंडावर काय सुनावलं, संपादकाशी कसं वाजलं, राजीनामा टेबलावर ठेवून कसे निघून गेले. किस्से रंगतात, पण त्यांना तारीख नसते. छापून आलेल्या लेखाला असते. म्हणून क्रम उलटा ठेवावा. त्या व्यक्तीने लिहिलेल्या छापील मजकुराची तारीखवार सूची आधी करावी, तिच्यावरून आयुष्याचा कालपट मांडावा आणि मुलाखती, पत्रं, आठवणी मग घ्याव्यात.

मराठीतली अशी बरीच चरित्रं गौरवग्रंथाच्या वळणाने जातात. शेवटी दोन पानांची सूची असते आणि तिच्यात पुस्तकांची नावं तेवढी. दैनिकात उमेदवारी करून तिथेच निवृत्त झालेल्या माणसाच्या बाबतीत हे फारच तोकडं पडतं. वर्षाला ५२ या हिशेबाने २० वर्षं चाललेलं साप्ताहिक सदर म्हणजे १०४० लेख. त्यातले थोडे पुस्तकांत येतात आणि तेही लेखकाने स्वतः, पुष्कळदा पन्नाशी-साठी उलटल्यावर, निवडलेले. पुढे गाजलेल्या गायकाला पहिल्या मैफलीत नापास केलेलं परीक्षण त्या निवडीत सहसा नसतं. समीक्षक म्हणून तो माणूस कसा घडला हे कळायला मात्र नेमकं तेच लागतं.

सुरुवात कुठून

पुस्तकं झाली असतील तर त्यांची मनोगतं आणि ऋणनिर्देश आधी वाचावेत. कोणत्या साप्ताहिकाने आग्रह धरला, कोणत्या मासिकात लेखमाला आली, हे तिथे हमखास सापडतं. मृत्युलेखही गोळा करावेत, पण सावधपणे. दुसऱ्या दिवशीचे मृत्युलेख रात्रीत लिहिलेले असतात आणि ते एकमेकांवरून उतरतात. जन्मवर्ष एका ठिकाणी चुकलं की चार ठिकाणी तेच चुकलेलं दिसतं. चार ठिकाणी आलं म्हणून चार पुरावे झाले असं मानू नये.

यातून नियतकालिकांच्या दोन याद्या निघतात. ज्यांत नोकरी केली ती एक आणि ज्यांत पाहुणे म्हणून लिहिलं ती दुसरी. प्रत्येक नावापुढे त्या नियतकालिकाचं आयुष्य लिहावं. शंकर गणेश दाते यांच्या सूचीचं काम इथे उपयोगी पडतं. १८०० ते १९५० या काळातली मराठी नियतकालिकं त्यात नोंदलेली आहेत. ‘सत्यकथा’ १९३३ ते १९८२, ‘माणूस’ १९६१ ते १९८६, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ पासून, ‘लोकसत्ता’ १९४८ पासून, अशा वर्षांची चौकट जवळ असली की बरीच ऐकीव माहिती तिथल्या तिथे गळून पडते. १९५८ साली ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये परीक्षणं लिहीत होते, असं कोणी ठामपणे सांगितलं तर एक तर वर्ष चुकलंय किंवा पत्र.

अंक कुठे मिळतात

एका ग्रंथालयात सगळी फाईल, म्हणजे जुन्या अंकांचा सलग बांधीव साठा, मिळेल ही आशा सोडूनच निघावं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), पुण्याचं नगर वाचन मंदिर (१८४८), विद्यापीठांची ग्रंथालयं आणि खुद्द वर्तमानपत्राचं संदर्भ दालन ही पहिली ठिकाणं. १९५४ च्या कायद्याने देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांची आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर वर्तमानपत्रांचीही प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवणं बंधनकारक झालं. मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय ही त्यांतली. कायदा असला तरी प्रत्येक प्रकाशकाने प्रत्येक अंक पाठवला असं नाही. लहान साप्ताहिकं तर अनेकदा तालुक्याच्या जुन्या वाचनालयातच सापडतात.

जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. फाईल कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत आहे, बांधीव खंड वाचायला देतात की मायक्रोफिल्म, आणि फोटो काढू देतात का. “१९६५ ची फाईल आहे” या उत्तरावर विसंबून प्रवास करू नये. खंडाच्या पाठीवर १९६५ असतं आणि आत जुलै-ऑगस्ट नसतात.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. आठ पानी दैनिकाचे दोन महिने म्हणजे साधारण ६० अंक, ४८० पानं. सहा तास सलग बसलं तर पानाला ४५ सेकंद मिळतात. शोधायचं काय हे पक्कं असेल तरच हा वेग झेपतो. सदर ठरावीक वारी येत असेल तर सहामाहीच्या खंडात २६ अंकच पाहायचे आणि एका दिवसात दोन वर्षं सहज होतात. फक्त रविवार पाहणाऱ्याचं एक मोठं नुकसान होतं, ते म्हणजे मृत्युलेख निसटतात. कलावंत गेला की रात्री साडेनऊला संपादक याच माणसाला गाठतो आणि मजकूर दुसऱ्या दिवशी कुठल्याही वारी, कुठल्याही पानावर लागतो. त्यासाठी समीक्षकाच्या क्षेत्रातल्या कलावंतांच्या निधनतारखांची एक यादी करून घ्यावी. बालगंधर्व १५ जुलै १९६७, वसंतराव देशपांडे ३० जुलै १९८३, कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२, अशी. प्रत्येक तारखेनंतरचे तीन दिवस आणि पुढचा रविवार पाहावा. समीक्षकाचं उत्तम लेखन बरेचदा या घाईच्या मजकुरात असतं. आखूनरेखून लिहायला वेळच नसतो.

अंक हाताळताना

वृत्तपत्राचा कागद आम्लधर्मी असतो. पन्नास-साठ वर्षांत तो तपकिरी पडतो आणि घडीवर तुटतो. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. वरच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली एक हात आणि खाली दुसरा, असं पान उचलून उलटावं. खंड पूर्ण उघडून टेबलावर दाबू नये, दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी घातलेलं कापड ठेवावं. फ्लॅश वापरू नये. त्याने मजकुरावर पांढरा डाग येतो आणि बहुतेक ठिकाणी मनाईही असते.

फोटोंचा क्रम कधीही बदलू नये. आधी त्या दिवशीच्या अंकाचा मथळा, म्हणजे पत्राचं नाव आणि तारीख दिसेल असा. मग लेखाचं अख्खं पान, पानक्रमांकासह. मग फक्त लेख, वाचता येईल इतका जवळून. आणि “पान ७ वर पाहा” असेल तर ते पान. क्रम मोडला की संध्याकाळी घरी दीडशे फोटोंपैकी चाळीस कोणत्या तारखेचे हे कळत नाही आणि परत जावं लागतं. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग पत्राचं नाव आणि पान लिहावं, म्हणजे संगणक आपोआप कालानुक्रमे लावतो.

बांधणीत शिवणीकडचा रकाना गिळला जातो. ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं दिसत नाहीत. अंदाजाने भरू नयेत. नोंदीत “शिवणीत गेलं” असं लिहून दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधावी. आवृत्तीही लिहायची. शहर आवृत्ती आणि बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती यांत पान बदलतं, कधी दिवसही बदलतो. रविवार पुरवणीची पानं वेगळ्या क्रमांकाने छापलेली असतील तर “पुरवणी, पान ३” अशीच नोंद हवी.

घरातली कात्रणवही

कुटुंबीय मोठ्या प्रेमाने काढून देतात ती कात्रणवही हा अर्धाच पुरावा असतो. कात्रण मजकुराच्या कडेने कापलेलं असतं, त्यामुळे पत्राचं नाव आणि तारीख कात्रीखाली जातात. समासात पेनाने लिहिलेली तारीख बरेचदा चिकटवल्याची असते. वर्ष तर कधी कधी खूप नंतर, आठवणीने घातलेलं असतं.

अशा वेळी कात्रणाची मागची बाजू पाहावी. तिथे अर्धवट कापलेली नाटकाची जाहिरात असते, “आज रात्रौ ८॥ वा.”, नाट्यगृहाचं नाव, नटांची नावं. बाजारभाव असतात, क्रिकेटचा धावफलक असतो. कसोटी सामन्याचा चौथा दिवस कोणता हे पक्कं ठरवता येतं. कात्रण पूर्ण चिकटवलेलं असेल तर पान उजेडासमोर धरावं, मागचा ठळक टाईप उलटा का होईना दिसतो. पाणी लावून सोडवायला जाऊ नये. शाई टिकली तरी लगदा टिकत नाही. पत्र कोणतं हे ठरवायला रकान्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी आणि टाईपचं वळण त्या काळच्या अंकांशी ताडून पाहावं. एकाच शहरातली दोन दैनिकंही या दोन मोजमापांवर वेगळी काढता येतात.

एवढं करूनही कात्रणावरून ठरवलेली तारीख “अंदाजे” याच सदरात ठेवावी. मूळ अंक डोळ्यांनी पाहिल्यावरच ती पक्की.

नोंदीचा तक्ता

प्रत्येक लेखाची एक ओळ. रकाने असे: तारीख, नियतकालिक, आवृत्ती, वर्ष आणि अंक, पान, छापल्याप्रमाणे शीर्षक, छापल्याप्रमाणे सही, सदराचं नाव, प्रकार (परीक्षण, मुलाखत, मृत्युलेख, अग्रलेख, स्फुट, वार्तापत्र), कशाबद्दल, अंदाजे शब्द, प्रत कुठे पाहिली, पुनर्मुद्रण, शेरा. “छापल्याप्रमाणे” यावर तडजोड नाही. सही “वि. ग. जो.” अशी असेल तर तक्त्यात पूर्ण नाव घालायचं नाही. पूर्ण नाव कोणाचं हा आपला निष्कर्ष आहे, त्याची जागा शेऱ्यात.

संगणकावर तीन अडचणी ठरलेल्या. एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. त्याआधीच्या तारखा ते ओळखत नाही आणि क्रम बिघडवतं. म्हणून तारखेचा रकाना आधीच “टेक्स्ट” करून वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने भरावा. दुसरं, तक्त्यात अंक इंग्रजी ठेवावेत. देवनागरी अंकांना एक्सेल संख्या मानत नाही आणि बेरीज शून्य येते. छापताना बदलता येतात. तिसरं जरा छुपं आहे. “ॲ” हे अक्षर एकाच चिन्हाने टाईप होतं, तसंच “अ”वर चंद्र देऊनही होतं. दिसायला दोन्ही सारखीच, पण शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही. “ऱ्या” आणि “र्‍या” यांचंही तेच. काम सुरू करतानाच एक पद्धत ठरवावी आणि दोन जण नोंदी करणार असतील तर दोघांचा कीबोर्ड एकच असावा.

१९९० नंतरचं लेखन लेखकाच्या संगणकात मिळालं तर आनंद आवरता घ्यावा. त्या फाईली बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या संगणकावर सरळ वाचता न येणाऱ्या जुन्या फॉन्टमधल्या असतात. त्या बदलून घेता येतात, पण रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. शिवाय ती संपादनापूर्वीची प्रत असते. छापून काय आलं हे अंकच सांगतो.

जुनं लेखन शोधताना जुनं लेखन-वळण लक्षात हवं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधी “केलें”, “नाटकें”, “त्यांत” असे अनुस्वार सर्रास आहेत आणि काही मासिकं “इ, उ” ऐवजी “अि, अु” अशी अ-ची बाराखडी वापरत. नव्या वळणाने शोधलं तर स्कॅन केलेल्या साठ्यात काहीच सापडत नाही. उद्धृत करताना मूळ वळण जसंच्या तसं ठेवावं.

तारखा

वार जुळवणं ही सर्वांत स्वस्त तपासणी. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा आणि त्या दिवशी मंगळवार होता. १४ मार्च १९६५ ला रविवार होता. रविवार पुरवणीतला म्हणून दिलेला लेख १५ मार्च १९६५ चा निघाला तर कुठेतरी चूक आहे. संपूर्ण सूचीवर वार काढून पाहायला संगणकाला क्षण लागतो आणि त्यात सापडणाऱ्या चुका कमी नसतात.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मासिकांवर शके आणि महिना असतो. “शकात ७८ मिळवा” हा सरसकट नियम लावला की पौष, माघ, फाल्गुनात घोटाळा होतो. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ आणि १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. ‘केसरी’चा पहिला अंक पौष शके १८०२ चा. ७८ मिळवले तर १८८० येतं आणि पत्र सुरू होण्याआधीच अंक निघाल्यासारखं दिसतं. पौष महिना तर दोन्ही वर्षांत सांडू शकतो, तिथे तिथी पाहून पंचांगावरून ठरवावं. अधिक महिन्याच्या वर्षी एकाच नावाचे दोन महिने असतात, तेही विसरू नये.

“वर्ष १२, अंक ३” यातलं वर्ष जानेवारीत बदलेलच असं नाही. ‘साधना’ १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू झालं. अशा नियतकालिकाच्या एका “वर्षा”त दोन इसवी सनं येतात. दिवाळी अंकांचा वेगळाच ताप. ‘मनोरंजन’ने १९०९ साली ही प्रथा घातली आणि तेव्हापासून दिवाळी अंकांवर बहुधा नुसतं “दिवाळी” आणि साल असतं. कधी तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक असतो, कधी क्रमांकाबाहेरचा. त्याला मनाने महिना देऊ नये. “दिवाळी १९५८” हीच नोंद ठेवावी आणि क्रमवारीसाठी वेगळ्या रकान्यात ऑक्टोबर धरावा. त्यातला लेख लिहिला गेला असतो मात्र जुलै-ऑगस्टमध्ये. सप्टेंबरात घडलेल्या घटनेचा त्यात उल्लेख नाही यावरून लेखकाने ती “दुर्लक्षित” केली असा निष्कर्ष काढणारे अभ्यासक दिसतात, त्यांनी छापखान्याचं वेळापत्रक पाहिलेलं नसतं.

कोणी लिहिलं?

इथे सर्वांत जास्त चुका होतात. दैनिकातलं बरंच लेखन निनावी, आद्याक्षरी किंवा टोपणनावाचं असतं. टोपणनाव कधी उघड गुपित असतं. ‘ललित’मधला ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी हे वाचकांना कळलं होतं. ‘लोकहितवादी’ म्हणजे गोपाळ हरि देशमुख हे तर शाळेत शिकवतात. प्रकारानुसार वेगळी सही असते, जसे आचार्य अत्रे कवितेपुरते ‘केशवकुमार’. पण वर्तमानपत्रातली काही टोपणनावं सदराची असतात, माणसाची नव्हे. पहिला माणूस सोडून गेला तरी सदर आणि सही तीच राहते आणि लिहिणारा बदलतो. टोपणनाव एकदा उलगडलं म्हणून वीस वर्षांचे सगळे लेख एकाच्या नावावर चढवायचे नाहीत. नोकरीची वर्षं आणि सदराची वर्षं शेजारी ठेवून पाहावीत.

प्रत्येक नोंदीला दर्जा द्यावा. अ: पूर्ण नावाने. ब: टोपणनाव किंवा आद्याक्षरं, आणि ती त्याचीच असल्याचा लेखी पुरावा. क: निनावी, पण लेखकाच्या पुस्तकात पुढे समाविष्ट, किंवा मानधनाच्या वहीत, पत्रात उल्लेख. ड: “ते त्यांनीच लिहिलं होतं” असं कोणीतरी सांगितलेलं. ड दर्जाचा मजकूर सूचीत राहू द्यावा, पण चरित्रात त्याच्या आधारावर एकही विधान उभं करू नये. “शैली त्यांचीच वाटते” हा पुरावा नाही. एका टेबलावर बसणाऱ्या उपसंपादकांची शैली एकमेकांना लागते आणि वरून मुख्य उपसंपादकाचा हात फिरलेला असतो.

अग्रलेखांबाबत जास्तच जपावं. ‘केसरी’ म्हटलं की टिळक, हे समीकरण इतकं पक्कं आहे की सुरुवातीचे अग्रलेखही आपसूक त्यांच्या नावावर जातात. प्रत्यक्षात १८८१ पासून १८८७ पर्यंत संपादक गोपाळ गणेश आगरकर होते आणि लिहिणारे हात अनेक होते. संपादक कोण हे अंकाच्या तळाशी, मुद्रक-प्रकाशकाच्या बारीक टाईपातल्या ओळीत पाहावं. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्यापासूनची, संपादकाचं नाव नंतरच्या अंकांत मिळतं. ही ओळ दर सहा महिन्यांनी एकदा टिपून ठेवली तर संपादक कधी बदलला ते नेमकं सापडतं, आणि संपादक बदलला की समीक्षकाची जागा, लांबी आणि सूर का बदलला हेही बहुतेकदा तिथेच उलगडतं.

रिकाम्या जागा

सूची तयार झाली की वर्षवार लेखसंख्येचा साधा आलेख काढावा. जिथे खड्डा दिसेल तिथे आधी आपली फाईल अपुरी आहे का ते तपासावं, मग पत्र बंद होतं का, मग लेखक आजारी किंवा परगावी होता का. “या काळात त्यांचं मन लेखनातून उडालं” हे वाक्य सगळ्यात शेवटी.

बाहेरची कारणंही असतात. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात मजकुरावर नियंत्रण होतं. नाटकाच्या परीक्षणातला राजकीय संदर्भ तेव्हा अचानक नाहीसा झाला तर तो लेखकाच्या रुचीतला बदल म्हणून सांगता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात कागदटंचाईने पानं घटली. १९७२-७३ च्या कागद धोरणात दैनिकांवर दहा पानांची मर्यादा होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली रद्द ठरवली. बाराशे शब्दांची परीक्षणं पाचशेवर आली की समीक्षक “अधिक नेमकं लिहू लागला” म्हणण्याआधी त्या वर्षी अंक किती पानी होता हे मोजावं.

कालपट आणि वाचन

आता दोन रकान्यांचा कालपट करायचा. डावीकडे नोकरी: उपसंपादक, वार्ताहर, पुरवणी संपादक, सहसंपादक, बदली, पाळी. उजवीकडे लेखन. डावा रकाना चरित्रकार उरकतात आणि तिथेच फसतात. रात्रपाळीचा उपसंपादक संध्याकाळी साडेसहाच्या प्रयोगाला कसा जाणार? मग तो रविवारच्या दुपारच्या प्रयोगाबद्दल लिहितो, किंवा परीक्षण तीन आठवडे उशिरा येतं, किंवा त्या वर्षांत तो पुस्तकांवर जास्त लिहितो. पाळी बदलली की लेखनाचा विषय बदललेला दिसतो. हा धागा सापडला की पुष्कळ गोष्टी सरळ होतात. परीक्षणाच्या तारखेआधीच्या आठवड्यातल्या नाटकांच्या जाहिराती पाहून त्याने कोणता प्रयोग पाहिला असेल हे बऱ्यापैकी ठरवता येतं. शुभारंभाचा प्रयोग पाहिला की पंचविसावा, यानेही मताचं वजन बदलतं.

मतं कशी बदलली हे पाहायला दरवर्षी होणारा एखादा सोहळा धरावा. संगीत समीक्षक असेल तर १९५३ पासून पुण्यात होणारा सवाई गंधर्व महोत्सव सोयीचा आहे. एकच व्यासपीठ, साधारण तेच दिवस, काही कलावंतही तेच. पंधरा वर्षांची वृत्तं ओळीने वाचली की कोणते शब्द हळूहळू गळाले, कोणत्या घराण्याबद्दलचा ताठा सैल झाला, कोणत्या गायकासाठी निकष वेगळे लावले, हे दिसतं. सुट्या, गाजलेल्या लेखांतून ते दिसत नाही.

चरित्रात सगळे लेख घ्यायचे नसतात. बारा ते पंधरा पुरे. त्यांत किमान तीन फसलेले असावेत. प्रत्येकाबद्दल चार गोष्टी लिहाव्यात: काय पाहून लिहिलं, किती वेळात लिहिलं, त्याच कलाकृतीबद्दल इतर पत्रांनी त्या आठवड्यात काय म्हटलं आणि पुढच्या अंकांतल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात काय आलं. चौथी गोष्ट जवळपास कोणी पाहत नाही, आणि वाद पेटला होता की नाही याचा खरा पुरावा तिथेच असतो.

मुलाखती

सूचीच्या छापील प्रती आणि पाच-सहा कात्रणांचे मोठे फोटो बरोबर न्यावेत. “त्यांच्याविषयी काहीतरी सांगा” म्हटलं की भाषण मिळतं. “या परीक्षणानंतर ऑफिसात काय झालं?” असं विचारून लेख समोर ठेवला की तपशील मिळतो. सहकाऱ्यांना कामाचं विचारावं. पान किती वाजता लागायचं, हस्तलिखित कंपोझला जाण्याआधी कोण पाहायचं, प्रूफ स्वतः वाचत का, मथळा कोण द्यायचं. मथळा बहुधा समीक्षकाचा नसतो. परीक्षणापेक्षा मथळ्यानेच भांडण झालेलं असतं आणि पन्नास वर्षांनी दोष समीक्षकाच्या माथी राहतो.

खिळे जुळवणारे जुने कंपोझिटर भेटले तर त्यांना आवर्जून गाठावं. अक्षर कोणाचं कसं होतं, कोण शेवटच्या क्षणी परिच्छेद बदलायचं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. सांगितलेल्या प्रत्येक घटनेची तारीख सूचीत शोधावी. सापडली नाही तर घटना खोटी असं नव्हे, पण चरित्रात ती “असं सांगतात” म्हणूनच यावी.

हक्कांचा प्रश्न

लेखांचा संग्रहही काढायचा असेल तर १९५७ चा कॉपीराइट कायदा पाहावा लागतो. पगारी नोकरीत असताना त्या पत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वर्तमानपत्रात किंवा मासिकात छापण्यापुरता मालकाचा असतो. बाकी सगळे हक्क, म्हणजे पुस्तकाचाही, लेखकाचे. म्हणून नोकरीतल्या लेखांच्या पुस्तकासाठी परवानगी वारसांकडून घ्यायची, आणि त्यातले लेख एखाद्या साप्ताहिकाला पुन्हा छापायचे असतील तर पत्राच्या मालकांकडून. नेमणूकपत्र मिळालं तर ते आधी वाचावं, त्यात उलट अट असू शकते.

मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६९ साली गेलेल्या अत्र्यांचं लेखन २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. निनावी किंवा टोपणनावाच्या लेखाची ६० वर्षं प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात, पण ती मुदत संपण्याआधी लेखक उघड झाला असेल तर पुन्हा मृत्यूपासून. अप्रकाशित पत्रांचं निराळंच. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. लेखकाने लिहिलेली पत्रं दुसऱ्यांच्या घरी मिळाली तरी छापायला लेखकाच्या वारसांची लेखी संमती हवी, आणि लेखकाला आलेली पत्रं छापायला ती धाडणाऱ्यांची. छायाचित्रकाराचा हक्क वेगळा धरावा. चरित्रात परीक्षणातल्या चार ओळी चर्चेसाठी उद्धृत करायला मात्र परवानगी लागत नाही.

पुस्तकात सूची छापताना प्रकाशक पानं वाचवायला “निवडक” करा म्हणेल. तसं करावं लागलं तर निवडीचा निकष एका ओळीत लिहावा आणि संपूर्ण तक्ता, दर्जांसह आणि न सापडलेल्या अंकांच्या यादीसह, जिथे काम केलं त्या ग्रंथालयांना फाईल आणि छापील प्रत अशा दोन्ही रूपांत द्यावा. पहिल्या पानावर तक्ता कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते घालावं, कारण पुस्तक आल्यावर दोन महिन्यांत कोणीतरी फोन करून न सापडलेला अंक आपल्याकडे आहे म्हणून सांगतंच.